धांद्याचा त्रिकोण

काकींनी बावीस वर्षांत एकदाही बरोबर उत्तर दिलं नव्हतं. म्हणजे काकींनी नाही, त्यांच्या उजव्या हातातल्या धांद्याने. पण हा फरक हल्ली काकींना स्वतःलाच पटेनासा झाला होता, तिथे इतरांना काय पटवणार?

धांद्या म्हणजे रोज सकाळी टीव्हीवर लागणाऱ्या मुलांच्या कार्यक्रमातला तपकिरी, केसाळ बाहुला. तो अस्वल आहे की कुत्रा, हे त्याला बनवणाऱ्यालाही शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. नव्या वर्षाचं चित्रीकरण सुरू व्हायच्या आधी स्टुडिओतल्या फळ्यावर जोड्यांचा तक्ता लागे, कोणता बाहुला कोणाबरोबर याचा. त्यात दोन रकाने असत. डावीकडे 'चुकणारा', उजवीकडे 'सुधारणारा'. एकाने चुकायचं, दुसऱ्याने सुधारायचं, आणि पोरांनी घरी बसून शिकायचं, असा सगळा मामला. उजवीकडची नावं बदलत गेली. आधी चष्मेवालं कासव आलं, मग एक पोपट, मग बोलणारं घड्याळ, आणि गेली सहा वर्षं चुणी नावाची पिवळी बदकीण. डावीकडे मात्र धांद्या तो धांद्याच. पुढेपुढे तक्ता लावणाऱ्याने ते नाव खोडायचे कष्टही घेतले नाहीत.

चुकणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्याने एकदा लाकडी भिंतीमागे चाकांच्या बुटक्या स्टुलावर बसून, हात डोक्याच्या वर धरून, चुकून दाखवावं. चूक मोजूनमापून करावी लागते. फार ढोबळ झाली तर पोरं कंटाळतात, फार बारीक झाली तर तीच फसतात. चुकीचं उत्तर दिल्यावर मनातल्या मनात एक-दोन म्हणत थांबायचं आणि धांद्याची मान जराशी कॅमेऱ्याकडे वळवायची. तेवढ्या वेळात घराघरांतून पोरं ओरडतात, "नाही रे, धांद्या!" मग चुणी बरोबर उत्तर सांगते. हा थांबा काकींनी बसवलेला होता, कोणी शिकवला नव्हता. पण कौतुक सगळं चुणीचं. दुकानात चुणीची दप्तरं, चुणीचे डबे, चुणीच्या छत्र्या. धांद्याचं दप्तर कोण घेणार? शाळेत जाताना पाठीवर धांद्या म्हणजे आईबापांच्या तोंडचंच पाणी पळायचं.

बाहेरही सुख नव्हतं. औषधाच्या दुकानात काकी खांद्याला लावायचं मलम आणायला गेल्या की दुकानदार न चुकता विचारी, "काकी, पाच आणि पाच किती?" आणि स्वतःच खो खो हसे. काकी "बारा" म्हणून मोकळ्या होत. पहिली दहा वर्षं त्यांनाही हसू यायचं. नंतर नुसताच अंगाचा तिळपापड होऊ लागला, आणि तो होतोय हे दाखवायचीही सोय नाही, कारण दुकानदाराचं नातवंड धांद्याचं भक्त.

घरी काका. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट इंचभर तरी सरकलेली आहे असं मानणारे. काकींनी लावलेला पडदा, काकींनी सांगितलेली तारीख, काकींनी मिटलेलं वर्तमानपत्र, सगळं काका एकदा सुधारून घेत. एके दिवशी काकी त्यांच्यावर उसळल्याच.

"अगं, तो बाहुला चुकतो. तू थोडीच चुकतेस?" काका समजूत घालायला गेले.

"हात माझा, आवाज माझा. मग चुकतं कोण? ते पायमोज्याचं कापड?"

"कापड नाही, फोम," काकांनी सुधारलं, आणि पुढचे दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

खरं घोडं अडलं ते खांद्यापाशी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे वर्ष शेवटचं, पुढे हात कानाच्या वर गेला तर मी जबाबदार नाही. घरी येताना बसमध्ये काकींच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली. जायच्या आधी धांद्याने एकदा बरोबर उत्तर द्यायचं. एकच. तेही काही फार मोठं नाही. बावीस वर्षं तो त्रिकोणाला चौकोन म्हणत आला होता, त्याला एकदा त्रिकोण म्हणू द्या.

ही मागणी त्यांनी लेखकाकडे नेली. लेखक म्हणाला, कल्पना छान आहे, पण दिग्दर्शकांना विचारा. दिग्दर्शक म्हणाले, माझी ना नाही, पण सल्लागार बाईंना विचारा. सल्लागार बाई मुलांच्या मनाचा अभ्यास केलेल्या, जोड्यांचा तक्ता त्यांचाच. त्या म्हणाल्या, लेखकाने लिहून दिलं तर बघू. असे तीन महिने गेले. चार बैठका झाल्या. एका बैठकीत तर पाऊण तास 'धांद्याचं उत्तर बरोबर आलं तर चुणीने काय करायचं' यावर गेला, आणि तिथे बसलेल्या एकालाही काकींनी काय करायचं हे सुचलं नाही.

"काकी, जोडीचा तोल जातो," सल्लागार बाई समजावत होत्या. "एक वर गेला की दुसरा खाली येतो."

"बावीस वर्षं मी खालीच आहे. अक्षरशः, भिंतीच्या खाली. एकदा पाच मिनिटं त्या बदकाला येऊ द्या की!"

चुणी चालवणारी मुलगी गुणी होती. तीच उठून म्हणाली, "येते मी खाली. त्यात काय एवढं?" सगळे हसले आणि परवानगी मिळाली.

चित्रीकरणाच्या दिवशी काकींनी खांद्याला घट्ट पट्टा बांधला. धांद्याने पुठ्ठ्याचा लाल तुकडा हातात घेतला, फिरवून पाहिला, नाकाला लावला, आणि एकेक कोपरा टेकवत मोजलं. "एक... दोन... तीन..." मग नेहमीचा थांबा. मग म्हणाला, "त्रिकोण!" चुणी म्हणाली, "शाब्बास, धांद्या!" आणि तिचा आवाज खरोखरच जरा भरून आला. कॅमेरावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीमागे काकी हात खाली घ्यायलाच विसरल्या. घरी जाऊन त्यांनी काकांना सगळं दोनदा सांगितलं, आणि नवल म्हणजे काकांनी त्यात काहीही सुधारलं नाही.

पण कोणताही नवा भाग टीव्हीवर जायच्या आधी तो एखाद्या बालवाडीत दाखवायची पद्धत होती. पोरं पुढे बसतात, सल्लागार बाई मागे वही घेऊन. बाहुले चालवणाऱ्यांनी तिथे जायचं नसतं. काकी गेल्या. दाराशी लहान मुलांच्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या आणि वाट पाहू लागल्या.

अकरा पोरं होती. धांद्याने तुकडा उचलला तसा कलकलाट झाला. धांद्या मोजू लागला, पोरंही मोजू लागली. थांबा आला. अकराही पोरं गुडघ्यांवर उभी राहिली, तोंडं उघडून, ओरडायच्या तयारीत.

"त्रिकोण!" धांद्या म्हणाला.

सगळी गप्प. काकींना वाटलं, आता टाळ्या. एका मुलीने हळूच विचारलं, "त्याला कोणी सांगितलं?"

"हा तो नाहीच," शेजारचा मुलगा म्हणाला. "हा दुसराच आहे. त्याच्यासारखा दिसतो फक्त."

पुढे बसलेला सगळ्यात लहान मुलगा मागे वळून बालवाडीच्या बाईंना विचारू लागला, आपला धांद्या कुठे गेला म्हणून. बाईंनी त्याला मांडीवर घेतलं तरी तो रडायचा थांबेना. दोघं-तिघं उठून ठोकळ्यांकडे गेली. चुणीची शाबासकी कोणी ऐकलीसुद्धा नाही. काकींना त्या पोरांचा राग आला. चार वर्षांच्या पोरांचा! मग त्या रागाची लाज वाटली आणि मग दोन्ही एकदमच. आपण इतकी वर्षं त्यांना काय दिलं, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या कळत होतं, आणि ते कळून काडीचंही बरं वाटत नव्हतं.

सल्लागार बाई बाहेर पायरीवर भेटल्या. मिजास नव्हती त्यांच्या बोलण्यात, उलट अवघडल्याच होत्या.

"पुन्हा चित्रीकरण नको," त्या म्हणाल्या. "तुमचा खांदा... तसंही फक्त एक शब्द बदलायचाय. त्रिकोण काय, चौकोन काय, धांद्याचं तोंड दोनदाच उघडतं. आवाज तेवढा बदलू. चुणीची शाबासकी कापता येईल."

"म्हणजे एक, दोन, तीन मोजून चौकोन म्हणायचं?"

"हो." बाईंनी वही मिटली. "खरं सांगू? चूक म्हणून ती जास्तच छान आहे."

काकींनी मान डोलावली. नाही म्हणता आलं असतं. पण तो लहानगा अजून आत रडत होता.

दोन दिवसांनी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत त्या एकट्या बसल्या. हातात धांद्या घेतला होता, कारण तो हातात नसला की त्यांना त्याचा आवाज काढता येत नसे. काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारा होता, चार पोरांचा बाप, दिवसभर लोकांचे आवाज ऐकून कंटाळलेला. पडद्यावर धांद्याने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन.

"त्रिकोण!" काकी म्हणाल्या.

"काकी, चुकलं," काचेपलीकडून आवाज आला. "चौकोन म्हणायचंय."

"हो हो, माहितेय."

एक, दोन, तीन. "त्रिकोण!"

"काकी, पुन्हा चुकलं."

बावीस वर्षांत ज्या बाईला चुकायला दुसरी संधी लागली नव्हती, तिच्या तोंडून तिसऱ्यांदाही त्रिकोणच आला. तळपायाची आग मस्तकात गेली. कोणावर चिडावं तेही कळेना. पलीकडचा माणूस आपलं काम करत होता. पोरं खरं बोलली होती. सल्लागार बाई वाईट नव्हत्या. निदान एखादा तरी हरामखोर निघायला हवा होता.

त्यांनी पाणी प्यायलं. धांद्याची मान सरळ केली. एक, दोन, तीन. मग त्याच जुन्या, भाबड्या, आत्मविश्वासाने फुगलेल्या आवाजात धांद्या म्हणाला, "चौकोन!"

"एकदम बरोबर!" काचेपलीकडचा खूश झाला. "हेच हवं होतं. झालं काकी, सुटलात तुम्ही."

काकींनी कानावरचे हेडफोन काढले. धांद्यातून हात बाहेर काढायला वेळ लागला, खांदा धरला होता. तिकडे तो माणूस यंत्रावर खटाखट बटणं दाबत होता.

"काय करतोयस रे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, ते तीन चुकलेले पुसतोय."

"ते चुकलेले नाहीत," काकी म्हणाल्या.

पण तोवर त्याने पुसले होते.