अंबूबाईंनी धुतलेलं नाणं

परशराम वडगावात दुसऱ्याच्या यंत्रमागावर साड्या विणतो. आठ वर्षं झाली. स्वतःचा एक माग असावा, एवढंच त्याला हवं आहे. मी त्याचा शाळेपासूनचा मित्र. साहित्यात एम.ए. झालो. त्या रविवारी मी तिथंच होतो, तरी काय घडलं ते मला अजून नीट उमगलेलं नाही.

गेल्या वर्षी त्याच्या आजोबांचा मोडका हातमाग काढताना, आडवं सूत नेणाऱ्या एका धोट्यात सुताची गुंडाळी निघाली. आत सोन्याचं नाणं. करंगळीच्या नखाएवढं. विजयनगरच्या राजांच्या काळातलं, अर्धा वराह म्हणतात ते. परशराम ते फक्त कडांना धरून उचलायचा. मला हात लावू द्यायचा नाही.

"असली नाणी मिळत्यात रं," तो म्हणायचा. "पण ह्याच्या मागं जी खूण हाय, ती लई कमी. आणि कोरं हाय. कुणी वापरलंच न्हाय."

त्यावर लालसर काळी झाक होती. मला ती मळ वाटायची.

निपाणीचे मारुतीराव तंबाखूचे व्यापारी. जुनी नाणी जमवतात. फोटो बघून त्यांनी जी किंमत सांगितली, तीत जुना यंत्रमाग येत होता. त्या रविवारी ते नाणं बघायला आले तेव्हा परशराम त्यांना आणायला कोपऱ्यापर्यंत गेला. "केशव, नाण्याकडं ध्यान ठेव," म्हणाला.

त्याची आई, अंबूबाई, बाहेर आल्या. नाणं बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"पाव्हणे बघायला येणार आणि हे असं? पोरीला तोंड न धुता दाखवत्यात व्हय?"

चिंच, चुलीतली राख, काथ्याचा बोळा. मी बघत बसलो. नाणं लखलखलं.

"कसं दिसतंय रं?"

"सुंदर," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

मारुतीरावांनी भिंग लावलं. मग मोबाइलमधला फोटो काढून शेजारी धरला. अंबूबाई आत उप्पीट परतत होत्या.

"फोटोतलं ते हेच काय?"

परशरामनं नाण्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी तोंड उघडलं, त्यानं नको म्हणून मान हलवली.

"दुर्मीळ आहेच," मारुतीराव हळू आवाजात म्हणाले. "पण घासलंय. बारीक चरे पडलेत. आता सोन्याचा भाव देईन. त्यात मागाची मोटरही येणार नाही."

मळलेलं होतं तेव्हा मोल. स्वच्छ झालं, मोल गेलं. मी तेच ते मनात उलटंपालटं करत राहिलो.

अंबूबाई ताटल्या घेऊन आल्या. "पसंत पडलं न्हवं?"

मारुतीराव ताटलीत बघू लागले.

"पडलं आई," परशराम म्हणाला. "मीच न्हाय म्हटलं. आजोबांची वस्तू. घरात ऱ्हाऊ दे."

"आणि माग?"

"बघू फुडं."

"बघू फुडं! आठ वर्सं दुसऱ्याच्या दारात राबतोयस आणि आलेली लक्ष्मी परत धाडतोस? खुळा का काय तू?"

पाहुण्यांसमोर त्या थांबेनात. परशराम मान खाली घालून खात होता. मारुतीरावांनी काही कारण नसताना आणखी उप्पीट मागून घेतलं.

नंतर गल्लीत मी म्हणालो, "मी अडवायला पाहिजे होतं."

"तुला काय म्हाईत?"

"काकूंना सांगू?"

"काय सांगणार? तिनं माझा माग घासून टाकला म्हणून?" तो हसला की काय, कळलं नाही. "मला शिव्या देऊन तिला झोप लागंल रं. ते कळलं तर लागायची न्हाय."

सोमवारी तो मालकाच्या मागावर गेला.

आता मी गेलो की अंबूबाई म्हणतात, "केशवा, तू शिकलेला. त्याला जरा समजाव की." मी हो म्हणतो. कुणी कुणाला काय समजवायचं, तेच मला ठरवता येत नाही.