पंचफुलानं न्हाऊ घातलेलं गाव

आमच्या गावात तिशीच्या आतल्या कुणालाही विचारा, तुला तान्हेपणी न्हाऊ कुणी घातलं? एकच नाव येईल, पंचफुला. विहाराजवळच्या आमच्या घरांपासून पलीकडच्या तांड्यापर्यंत, बाळंतीण घरी आली की पहिला निरोप तिलाच जायचा. ज्या घरांत आमच्या लोकांना ओट्यावरूनच बोलून परत पाठवत, त्या घरांच्या न्हाणीत ती पदर खोचून हक्कानं शिरायची. पाय लांब करून बसायची, लेकराला नडग्यांवर पालथं घालायची, पाण्यात कोपर बुडवून पाहायची आणि आधी सगळ्या म्हाताऱ्यांना दटावायची, "सरका व बुढ्याहो! लेकराले हवा तं लागू द्या!" तिच्या पायांवर लेकरू रडत नसे. आंघोळ चालू असतानाच पेंगायला लागायचं.

तिला स्वतःला मात्र मूल नाही. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा सातव्या-आठव्या महिन्यात पोटातच गेलं. तेव्हा तपासणी कोण करत होतं? जळलं मेलं ते नशीब, असं म्हणून सगळे मोकळे झाले. ती दुसऱ्यांची लेकरं न्हाऊ घालत राहिली.

मी रूपा, याच गावची आशा सेविका. चौदा वर्षं घरोघर फिरते. माझी लेक धम्मदीपा तिनंच न्हाऊ घातलेली.

पंचफुलाचा नवरा पुंजाजी गिट्टीच्या खाणीवर कामाला जायचा, आठ-आठ महिने बाहेरगावी. कोरोना सरला त्याच्या दुसऱ्या वर्षी तो घरी आला तेव्हा तळहातांवर, तळपायांवर तांबूस चट्टे होते. खाज नाही, दुखत नाही. मीच त्याला तालुक्याला, मालेगावच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि पडद्यामागं नेऊन विचारलं. पडदा कापडाचा, मी बाहेर बाकड्यावर. पुंजाजी खालच्या आवाजात म्हणाला, "हाव साहेब, तिकडं जात होतो."

सिफिलिस निघाला. जुने लोक ज्याला गरमी म्हणतात तो. डॉक्टर म्हणाले, बायकोला घेऊन या. तिचंही रक्त तसंच निघालं. पुंजाजीचं एकाच वेळच्या इंजेक्शनवर भागलं. तिला कधीपासून आहे ते कळत नव्हतं, म्हणून तिला दर मंगळवारी, असे तीन आठवडे. केलं कुणी, भोगलं कुणी, मला तर तिथंच त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

पंचफुलानं डॉक्टरांना आपल्याबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "साहेब, मंग मी लेकरं न्हाऊ घालू काय?"

डॉक्टर भला माणूस. त्यानं समोर बसवून नीट सांगितलं. हा रोग नवरा-बायकोच्या, बाई-माणसाच्या संबंधातून लागतो. आईला असला तर पोटातल्या बाळाला लागतो. हातानं, पाण्यानं, भांड्यानं, कपड्यानं, संडासानं लागत नाही. "तुमच्या अंगावर कुठं जखम नाही, चट्टा नाही. इंजेक्शनं पुरी करा आणि खुशाल न्हाऊ घाला."

परतताना ती एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली होती. तशीच बाहेर पाहत म्हणाली, "रूपा, माये दोन लेकरं याच्यानंच गेले असतीन काय व?" पुढच्या मंगळवारी मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तेव्हा कुणी तपासलंच नाही, आता कसं सांगू. मी तिला तेच सांगितलं.

मंगळवारच्या फेऱ्या गावाच्या डोळ्यांत आल्याच. पानठेल्यावर कुणीतरी पुंजाजीला खोदून विचारलं, आणि त्या माणसानं काय सांगावं? "बायको बाळंतिनीची घान धुते न. तिले लागलं, तिच्यापासून मले."

झालं! गावाला पटलंसुद्धा. बाळंतिणीचं रक्त, विटाळ, घाण, असलं काही म्हटलं की आमच्या लोकांना पुरावा लागत नाही. तांड्यावरच्या कमलीबाईची सून निता नुकतीच बाळंत झाली होती. पंचफुला दारात गेली तर कमलीबाई म्हणाली, "सून माहेरी गेली." मागं दोरीवर ओली दुपटी वाळत होती. पंचफुला त्या दुपट्यांकडं पाहून परत आली.

मी पेटले. म्हटलं, "सांगतेच आता सगळ्याईले, याले कुठून लागला थे!"

तिनं माझा हात घट्ट धरला. "नोको व रूपा. त्याची चारचौघात मान खाली जाईन. थो निंगून गेला तं मी कोनाजवय राहू?"

मग मी महिन्याची बायांची बैठक घेतली. डॉक्टरांनी सांगितलं तसं सगळं सांगितलं, हातानं लागत नाही, पाण्यानं लागत नाही, घसा कोरडा पडेस्तोवर. बाया ऐकत होत्या. आणि कमलीबाईनं विचारलं, "हातानं नाई लागत, कपड्यानं नाई लागत, तं मंग हिले लागला कसा?"

मी पंचफुलाकडं पाहिलं. ती कोपऱ्यात बसली होती. तिनं हळूच मान हलवली, नाही म्हणून. मी गप्प बसले. माझ्या त्या गप्प बसण्याचा अर्थ बायांनी आपापल्या सोयीनं लावला.

वर्षभर तिला एकाही घरून बोलावणं आलं नाही. ती शेतात मजुरीनं सोयाबीन सोंगायला जायला लागली. पुढच्या साली समाजमंदिरात रक्ततपासणीचं शिबिर लागलं, त्यात गरमीचीही पट्टी होती, तर ती सगळ्यांच्या पुढं जाऊन बसली. मला काही बोलली नाही. मी दुसऱ्या टोकाला नावं लिहीत होते. तिनं बोट टोचून घेतलं, आणि निकालाची वेळ भरल्याबरोबर, सिस्टर मागं वळली तेवढ्यात, टेबलावरची पट्टी स्वतःच उचलली. बायांसमोर धरून म्हणाली, "पाहा व, पाहा! झाली मी साफ!"

कोरोनापासून आमच्या आख्ख्या गावाला रेघा वाचता येतात. एक रेघ म्हणजे काही नाही, दोन म्हणजे आहे. पट्टीवर दोन होत्या.

एकदा हा रोग होऊन गेला की औषधानं बरा झाला तरी ती पट्टी बहुतेकांची जन्मभर दोन रेघा दाखवते. रोग गेला की नाही ते पाहायची तपासणी वेगळी असते, ती तिची मालेगावला झाली होती आणि चांगली आली होती. पट्टीचं हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. आधी ठाऊक असतं तर मी तिला त्या टेबलाजवळ फिरकू दिलं नसतं. मी घरोघर जाऊन हे सांगितलं. पण डोळ्यांनी पाहिलेल्या दोन रेघांपुढं माझं कोण ऐकतं?

त्यानंतर पंचफुला बैठकीलाही येईनाशी झाली.

आणि मग माझी धम्मदीपा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. मुलगी झाली. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "आई, पंचफुला मावशीले बोलाव न."

मी हो म्हटलं, पण बोलावलं नाही. धम्मदीपाची सासू आसेगावहून नातीचं नाव ठेवायला येणार होती. तिच्या कानावर अर्धं-मुर्धं काही गेलं तर माझ्या पोरीला जन्मभर ऐकावं लागेल, असं माझ्या मनानं घेतलं. खरं सांगू? तेवढंच नव्हतं. आत कुठंतरी मलाही भीती वाटत होती. चौदा वर्षांची आशा मी! न्हाऊ घालायला किन्हीराजा गावाहून एक बाई लावली.

सहाव्या दिवशी पंचफुला आपणहून आली. जुन्या लुगड्याचं मऊ दुपटं शिवून आणलं होतं. आत ती बाई न्हाऊ घालत होती आणि पोरगी किंचाळत होती. पंचफुला अंगणातूनच म्हणाली, "मान वर धर व तिची. नाकात पानी जाऊन राह्यलं." मग तिला राहवेना, ती दाराशी आली. माझा हात दाराच्या चौकटीवर आडवा होता. कधी ठेवला, मला कळलंही नाही.

तिनं त्या हाताकडं पाहिलं. "रूपा, बाकीच्याईचं जाऊ दे. तुले तं माईत हाये न?"

"हाव," मी म्हटलं.

"मंग?"

माझा हात काही निघेना. तिनं दुपटं ओट्यावर ठेवलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिच्या घरी गेले. ती डाळ निवडत होती. म्हटलं, "चाल न फुलाबाई. चुकलं मायं."

"चुकलं नाई व. तू भेली," ती म्हणाली. "आता मी येईन, पानी घालीन, अन् तू लेकराले सोडून माया हाताईकडं पाहत बसशीन. थे मले नाई सोसनार." ती रडली नाही. मीच रडले, तिच्यासमोर, ओक्साबोक्शी. तिनं मला पाणी दिलं.

पुंजाजी गेल्या उन्हाळ्यात वारला. मी पंचफुलाला विचारलं, आता तरी सांगू काय? ती म्हणाली, सांग. तेव्हापासून घरोघर सगळं सांगते, रोग कुणी आणला आणि कशानं लागला तेसुद्धा. बाया हळहळतात, "अवं माय, बिचारी," म्हणतात. आणि मग कुणीतरी विचारतंच, "असं हाये, तं मंग तुया नातीले कोनं न्हाऊ घातलं?"

"किन्हीराजाच्या बाईनं," मी सांगते, आणि उठते.