चहाचं नाव काढायचं नाही!

एक किस्सा आठवला की दुसरा त्याचं शेपूट धरून येतोच. बेचाळीसच्या आधी मी तळोद्याच्या एका इंग्रजी शाळेत गणित शिकवायचो. तिथले किस्से लोक हसून ऐकतात, माझी चीड मात्र अजून गेलेली नाही!

* * *

आमचे भामरे मास्तर इतिहास शिकवायचे. पुस्तकात अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा होता. हेडमास्तरांनी नोटीस काढली, लढाई शिकवा, पण इंग्रजांची हार शिकवू नका!

भामरे उसळले, "मंग जिंकना कोन? समुद्र?"

* * *

त्या लढ्यात आधी स्टँपच्या करावरून दंगा झाला होता. तो धडा जोरात शिकवला म्हणून भामऱ्यांकडे लेखी खुलासा मागितला. कशावर? स्टँपपेपरवर! निर्लज्जपणाला काही सीमा?

* * *

पुढे बोस्टनचा धडा आला. कर लादलेला चहा लोकांनी बंदरात फेकला, एवढंच भामऱ्यांनी सांगितलं. लगेच हुकूम सुटला, "वर्गात चहाचं नाव काढायचं नाही!" हे सांगताना हेडमास्तर स्वतः बशीतून चहा फुरकत होते.

* * *

शाळेचा शिपाई खेमा डोंगरातल्या मोलगीकडचा. एका सोमवारी त्यानं येऊन घरचं सांगितलं. त्याच्या घरात वाळवून ठेवलेली मोहाची फुलं अबकारीच्या जमादारानं नाल्यात ओतली होती. म्हणे, दारूसाठी ठेवलीत! अरे, पावसाळ्यात त्याची पोरंबाळं तीच उकडून खातात!

मी म्हटलं, "अर्ज कर."

तो म्हणाला, "कोनले करू, मास्तर? अर्ज वाचनारा बी त्यासनाच शे."

माझं डोकं इतकं तापलं, की त्या दिवशी फळ्यावर साधी बेरीज चुकली.

* * *

मग इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले. हेडमास्तरांनी आधीच बजावलं होतं, "एक पोरगं जरी बंडाबद्दल बोललं, तरी भामरे, तुमची नोकरी गेली!"

साहेबांनी मुद्दाम तोच धडा काढला. "बोस्टनला कोणी कोणाचा माल पाण्यात फेकला?"

उत्तर सगळ्यांना पाठ होतं. पण मास्तरांसाठी अख्खा वर्ग तोंड शिवून बसला. 

साहेबांचा चहा घेऊन खेमा दारातच उभा होता. तो म्हणाला, "बोस्टननं माले माहीत नही, साहेब. आठे, आपला मुलुखमा, जमादारनी मन्हा मोह फेका."

साहेब तापले, तरी चहाच्या कपासाठी त्यांनी हात पुढे केलाच. खेमा खिडकीपाशी गेला आणि त्यानं तो चहा बाहेर ओतला.