सालेकशाच्या गोदामात लावलेला रोवणा

नातीचा फोन आला तेव्हा मी शेतात लाखोळीची भाजी खुडत होते. पल्लवी, माझ्या थोरल्याची मुलगी, चित्रं काढते.

"आजी, सालेकशाले माह्या चित्रांचं प्रदर्शन लावून राहिली. तू आन् सुगंधाआजी या. रोवण्याची गाणी म्हणाल का?"

"चित्रापुढं गाणं? कायले वो?"

"चित्रात तूच आहेस म्हणून."

सुगंधा माझी शेजारीण. रोवण्याला, म्हणजे बांधीच्या चिखलात धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं, लावायला, आम्ही कायम एका रांगेत. मी ओळ टाकायची, तिने झेलायची. तिला सांगितलं तर ती लगेच पेटीतलं हिरवं लुगडं काढून बसली.

तर कोणाला आमच्यासारखं जायचं असेल, त्यांच्यासाठी सांगते. (चौथीतच शाळा सुटली माझी, म्हणून मी बोलते आणि मोबाइल लिहितो.) आमच्या गावाहून सौंदड स्टेशनपर्यंत ऑटो मिळतो, पण भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून घरून लवकर निघा. सौंदडहून गोंदिया रेल्वेने. तिथे गाडी बदलायची, पूल चढायचा, गुडघ्यांना आई आठवते. सामान कमीच घ्या. सुगंधाने चिवड्याचा डबा, लोणचं, वर पांघरूणही घेतलं होतं, ते उचलायला मीच. स्टेशनबाहेर पोहे खा, तर्री, म्हणजे तिखट रस्सा, वेगळी मागा, नाहीतर तो वरूनच ओततो आणि मग डोळ्यांतून पाणी. दोघींचं जाणं-येणं, खाणं मिळून एका साध्या लुगड्याच्या किमतीएवढंही झालं नाही.

सालेकशाच्या गाडीत एका बाईने विचारलं, "अम्मा, जरा सरको. शादी में जा रहे क्या?"

"गाना गाने जा रहे," सुगंधा म्हणाली. "माइक है, सब है."

ती बाई सरकून आम्हालाच खिडकी देऊन बसली. सालेकसा जवळ आलं की झाडं रुळाच्या अंगावर येतात, हवा गार होते. खिडकीची जागा मिळवाच.

पल्लवी स्टेशनवर आली होती. पोरगी वाळली होती. रात्री तिच्या मैत्रिणीच्या घरी भात, वरण, वांग्याची भाजी झाली, पण ती नीट जेवली नाही. शेवटी बोलली. "बाबा म्हणते, आणखी एक साल पाहीन, मग हे चित्रं बंद कर आन् नोकरी पाय. उद्या ते पाहाले येऊन राहिले, आजी."

माझा मुलगा वाईट नाही. त्याला लेकीची काळजी आहे. पण मला झोप आली नाही.

प्रदर्शन धानाच्या रिकाम्या गोदामात होतं. कोंड्याचा वास अजून भिंतींना. बारदाना, म्हणजे धानाची पोती, उसवून, शिवून, त्याच्यावर माती, राख, हळद यांनी काढलेली मोठमोठी चित्रं दोन्ही भिंतींवर. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांचे दिवस, म्हणून माणसं खूप आली. समोरच्या मंचावर दंडारीतले, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या नाटकातले, ढोलकीवाले दादा बसले. एक मुलगी अंगाला चिखल लावून अगदी हळूहळू वाकत होती, बोलत काहीच नव्हती.

"हिले बरं नाही का वो?" सुगंधाने विचारलं.

"कला आहे ते," मी म्हटलं. मलाही माहीत नव्हतं.

ढोलकी वाजली आणि सगळी माणसं सतरंजीवर बसली. तोंडं मंचाकडे, पाठी चित्रांकडे! एकही मान वळेना. माझा मुलगासुद्धा दाराजवळ उभा राहून ढोलकीच ऐकत होता. पल्लवी खांबाला टेकून उभी, ओठ दाबलेले. गाणंबजावणं तिनेच बोलावलं होतं, आणि त्यानेच तिची चित्रं झाकली.

मग आमचं नाव पुकारलं. माइकसमोर ताठ उभी राहिले आणि आवाजच फुटेना.

"म्हण ना वो, काऊन थांबली?" सुगंधाने कोपराने ढोसलं.

"उभ्यानं कसं म्हणू? कधी म्हटलं आहे का उभ्यानं?"

रोवण्याचं गाणं कंबरेत वाकून म्हणायचं असतं. हात पऱ्हे लावत राहतो, पाय मागे मागे जातो, त्याच पावलावर ओळ येते. मी मंचावरून उतरले, पदर खोचला आणि वाकले. आवाज आपोआप आला:

"बांधी भरली पाण्यानं, माझं आभाळ खाली आलं,
पाऊल मागं टाकू कशी, माझं लेकरू जागं झालं."

सुगंधाने झेललं. आम्ही मागे मागे दाराकडे निघालो. मागचं आम्हाला कुठे दिसतं? बसलेली माणसं "सरका, सरका, बुढी येऊन राहिली!" म्हणत उठली आणि दोन्हीकडे भिंतींना जाऊन लागली. नाकासमोर चित्रं! ढोलकीवाले दादा ढोलकी गळ्यात अडकवून आमच्या पुढ्यात चालू लागले. गर्दीतल्या चार बायका पदर खोचून रांगेत शिरल्या. ती चिखलाची मुलगीही आली.

दाराशी कोणाच्या तरी पायाला माझी कंबर लागली. सरळ झाले तर माझा मुलगा. माझ्याकडे पाहत नव्हता. तो पाहत होता त्या चित्रात एक बाई वाकलेली, पाण्यात अर्धी, पाठीवर पदर ओला.

"आई, ही तूच हाय ना?"

मी पाहत राहिले. इतका रोवणा केला, पण वाकलेल्या माणसाला आपले हात आणि पाणीच दिसतं. माझी पाठ मी पहिल्यांदा पाहिली. इतकी सुंदर होती ती, मला कोणी सांगितलंच नाही.

मुलगा पल्लवीकडे गेला. काय बोलले ते ऐकू आलं नाही. तिची पिशवी त्याने आपल्या खांद्यावर घेतली, एवढं दिसलं.

घरी आले. भाजी निबर झाली होती, कंबर धरली होती. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पल्लवीचा फोन आला.

"आजी, आज गाणं नव्हतं, ढोलकी नव्हती. तरी कालच्या रांगेतली एक बाई नवऱ्याले घेऊन आली. त्याचा हात धरून, उलटं चालवत चालवत, एकेक चित्र दाखवून राहिली होती."

"पडला नाही ना तो?"

"बाबा होते ना मागं. सांभाळून राहिले होते."