वन्संच्या घरची गार न्याहारी

आमच्या वन्संच्या घरातून आजवर कुणीही उपाशी पोटी बाहेर पडलेलं नाही, आणि हे मी नुसतं घरच्या माणसांबद्दल सांगत नाही बरं का. वन्सं म्हणजे माझ्या मालकांच्या थोरल्या बहीण. राहायला मंगळवार पेठेतच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. गॅसची टाकी घेऊन येणारा, विजेचं मीटर बघायला येणारा, निवडणुकीत मतं मागायला येणारे, तेही सगळ्या पक्षांचे, ह्या सगळ्यांच्या हातात त्यांच्या घरची बशी पडलेली आहे. एकदा तर शेजारच्या घरी मुलगी बघायला आलेली मंडळी चुकून ह्यांच्या दारात शिरली. वन्संनी त्यांना बसवलं, पोहे दिले, नको नको म्हणताना आणखी वाढले, चहा पाजला. शेवटी मुलाच्या वडिलांनी घसा खाकरून "आता मुलीला बोलवा की" म्हटल्यावर शांतपणे सांगितलं, "पोरगी शेजारच्या दारात हाय, पावणं. पन तिथं जाऊन पोह्याला न्हाय म्हनू नका, वाईट दिसतंय." त्या बिचाऱ्यांनी दोन्हीकडचे पोहे खाल्ले. लग्न जमलं, आणि त्याचं श्रेय वन्सं अजून घेतात.

आता अशा बाईच्या घरची न्याहारी कशी असेल ते तुम्हीच ओळखा. बाहेर उजाडायच्या आत ह्यांच्या कढईत मोहरी तडतडायची. आज उप्पीट, उद्या थालीपीठ, परवा शिरा. तव्यावरचं थेट ताटात, आणि ताटातलं तोंडात जाईपर्यंत ह्या समोर उभ्या. बोलण्यात जराशी उसंत घेतली की, "गप खा आधी, गार हुतंय." गार हा शब्द त्यांच्या तोंडी शिवीसारखा. गार खाल्लं की ते पोटात जाऊन बसतं आणि मग माणूसही बसतो, असं त्यांचं शास्त्र. गल्लीत कुणी आळशी निघाला, की त्याच्या आईनं त्याला लहानपणी गार खायला घातलं असणार, हे त्या पैजेवर सांगत. वन्संचा मुलगा एमआयडीसीत कामाला, सून इचलकरंजीच्या शाळेत मास्तरीण, दोघंही सातच्या आत घराबाहेर. त्या दोघांच्या न्याहारीपायी वन्संनी कुणाच्या लग्नाला जाऊन मुक्काम म्हणून केला नाही. मलकापूरच्या भाचीचं बाळंतपण झालं तेव्हासुद्धा सकाळची कामं उरकून गेल्या आणि दिवेलागणीला परत. "मी ऱ्हायले तर सकाळी ह्यांनी खायाचं काय?" झालं, विषय संपला.

पुढं वन्संची नजर अधू व्हायला लागली. आम्हाला ते कळायला उशीर झाला, कारण त्या कबूलच करीनात. आधी म्हणाल्या, स्वयंपाकघरातला बल्ब मंद आहे. मुलानं नवा लावला. मग म्हणाल्या, कंपन्याच आता वाईट झाल्यात. एका सकाळी मी गेले, तर ह्या दाराकडं बघून म्हणतायत, "बसा की पावणं, उभं का?" मी वळून पाहिलं. दारामागच्या खुंटीवर मुलाचा रेनकोट! मी हसले, पण त्यांनी त्याच्यासाठी पोहे काढलेले बघून हसू विरलं. आणखी एकदा शिऱ्यात साखरेच्या जागी मीठ पडलं. मुलगा आणि सून चकार शब्द न काढता खाऊन गेली आणि दुपारपर्यंत पाणी पीत बसली. एवढ्यावर भागलं असतं तर कुणी काही बोललंच नसतं. पण एक दिवस फोडणी देताना पदर खाली आला तो थेट जाळावर. "आत्या, पदर!" म्हणून सून ओरडली (सासूला ती आत्याच म्हणते) आणि तिनं धावत येऊन हातानंच विझवला. पदराला वीतभर भोक पडलं, सुनेचा तळवा भाजला. त्या दिवसापासून ती पोरगी शाळेत मुलांना शिकवत असायची आणि जीव मात्र घरच्या शेगडीपाशी.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय, आता थांबू नका. ऑपरेशन साधं आहे. फक्त नंतर महिनाभर शेगडीपुढं उभं राहायचं नाही. धूर नको, वाफ नको. वन्सं ताडकन उठल्या. "मग न्हाय करायचं. महिनाभर ह्यांनी काय माती खायाची?"

आम्ही सगळ्यांनी डोकं आपटलं. स्वयंपाकाला बाई लावू म्हटलं, तर "तिच्या हाताला चव हाय का कोन बघनार?" मी येऊन करते म्हटलं, तर "तुझं उप्पीट गिचका हुतंय गं बये, राग मानू नगंस." मी राग मानला, पण तो सोडा.

उपाय आणला सुनेनं. तिच्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं म्हणून दुकानातून तयार ओट्सच्या छोट्या बरण्या घेऊन आली. आत ओट्स, सुका मेवा, आंब्याची चव. रात्री दूध ओतायचं, झाकण लावायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी चमचा घालून खायचं. जाळ नाही, धूर नाही, पाच मिनिटांत माणूस मोकळा. वन्संनी बरणी नाकाजवळ धरून पाहिली. "म्हंजे शिजवायचं न्हाय, आन वर रातभर शिळं करायचं? अगं, आपन म्हशीला आंबोन बी शिजवून घालतो!" खूप वाद झाला. शेवटी त्यांनी अट घातली. "आठ दिस खाऊन दावा. एक जरी उपाशी गेलं, तर दवाखान्याचं नाव काढायचं न्हाय." आणि पंच म्हणून मला बोलावलं.

पहिल्या सकाळी मी पोहोचले तर सून फ्रिज उघडून उभी. बरण्या गायब. वन्संनी त्या रात्री हळूच बाहेर काढल्या होत्या, त्यात चमचा चमचा विरजण घातलं होतं आणि घोंगडीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या. "रातभर ठिवायचं म्हंजे ऊब लागती. दही कवा फ्रिजात लागलंय व्हय?" मुद्दाम खोडा घातला म्हणाल तर तसं नाही हो. बिचाऱ्या आपल्याकडून मदतच करत होत्या. झाकण उघडलं तर काय ते आंबट! वर आंब्याची चव, मध्ये बेदाणे. खाल्लं नाही तर उपाशी, आणि उपाशी गेलं तर ऑपरेशन रद्द. नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं. मुलानं त्यावर लसणाची चटणी घेतली आणि डोळे मिटून बरणी संपवली. "झकास झालंय, आई." पंचालाही खावं लागलं. त्या चवीचं मी तुम्हाला काहीच सांगणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुनेनं फ्रिजपुढं खुर्ची लावली. पुढचे दिवस बरे गेले. वन्सं दारात उभ्या राहून प्रत्येकाला "भरलं का प्वाट?" विचारायच्या. मुलगा जिन्यावरून मोठ्ठा ढेकर देऊन पुरावा द्यायचा. शेवटल्या दिवशी दोघं निघून गेल्यावर ह्या माझ्याजवळ येऊन बसल्या. हातात काही नव्हतं, तर नुसताच पदर चुरगाळत होत्या. हळूच म्हणाल्या, "माझ्याबिगर भागतंय की गं ह्यांचं."

मी त्यांच्या हातातला पदर सोडवला. मग म्हटलं, "वन्सं, भागतंय म्हणून तर तुम्हाला डोळा दाखवायला सवड झाली." त्यांनी मान हलवली. हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र घोटाळा व्हायचा राहिला. आत नेताना ह्यांनी डॉक्टरांनाच थांबवलं. "सकाळी काय खाल्लंसा?" डॉक्टर म्हणाले, "चहा घेतला आजी." वन्सं बाकड्यावर परत बसल्या. "उपाशी मानसाला मी डोळ्याला हात लावू देनार न्हाय. हात थरथरतोय." डॉक्टर हसले, पण ह्या हलेनात. शेवटी सुनेनं पिशवीतून स्वतःसाठी आणलेली बरणी काढली. त्या भल्या माणसानं आमच्यासमोर उभ्या उभ्या ती खाल्ली, चमचा चाटून दाखवला, तेव्हा कुठं वन्सं उठल्या. दार बंद झालं आणि सुनेनं माझा हात धरला. तिच्या तळव्यावरचा भाजल्याचा डाग माझ्या हाताला लागत होता. नर्सनं येऊन "छान झालं" म्हटलं, तेव्हा आम्ही दोघी अशा रडलो की बाकड्यावरच्या लोकांना वाटलं, आमचं कुणी गेलं.

चार-पाच दिवसांनी सकाळी मी त्यांच्याकडं गेले. वन्सं काळा चष्मा लावून स्वयंपाकघरात बसलेल्या. सून बरणी घेऊन ओट्याला टेकून घाईघाईनं खात होती. वन्संनी औषधाचे थेंब घालून घ्यायला चष्मा काढला, सून वाकली आणि ह्या तिच्याकडं बघतच राहिल्या.

"तुझं क्यास पिकलं व्हय गं?"

"झाली की चार वर्षं, आत्या."

"आन मला कुनी सांगितलं न्हाय?" वन्संनी पायानं पाट पुढं सरकवला. "बस हितं. उभ्यानं का खातीस? रोज अशीच खातीस व्हय?"

सून बरणी घेऊन पाटावर बसली. मग वन्संनी मलाही एक बरणी दिली. खरं सांगायचं तर मला ते ओट्स मुळीच आवडत नाहीत, आणि त्या घरातल्या गरम उप्पिटाची आठवण अजून येते. पण मी मुकाट्यानं चमचा उचलला. शेगडी बंद होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं. वन्सं सुनेच्या कपाळावरची बट सारखी मागं सारून ते पांढरे केस बघत होत्या. इचलकरंजीच्या एसटीची वेळ होत आली होती, आणि कुणीच उठत नव्हतं.