नात्यातल्यांना टायर नाही

गावातले गाडीवाले त्यांना हवामास्तर म्हणत. चाकावर नुसता अंगठा दाबून आत हवा किती ते सांगत, आणि मागाहून काटा लावला तर तोही निमूट तेवढीच दाखवी. "माझ्या मनातलं कधी एवढं कळलं नाही तुम्हाला," असं बायको म्हणे. सव्वीस वर्षं त्यांचं टायरचं दुकान चालत आलं होतं. नियम एकच, नात्यातल्यांना टायर विकायचा नाही. एकदा साडूला विकला होता. तो हमरस्त्यावर फुटला, साडूचा हात मोडला आणि दोन घरांतलं बोलणं दोन वर्षं बंद राहिलं.

म्हणून महिन्यापूर्वी जावयाने विचारलं तेव्हा त्यांनी हसून टोलवलं. "जावईबापू, सल्ला हवा तेवढा घ्या, माल दुसरीकडून घ्या."

"बरं, सल्ला द्या."

"निम्मा हमरस्ता, निम्मा दगडांचा डोंगर. जाड बगलेचे बघा, म्हणजे कडेची भिंत जाड असलेले. घरघर करतील, पेट्रोल जरा जास्त पितील, पण दगडाला दाद देणार नाहीत."

लेकीची बदली डोंगरावरच्या दवाखान्यात झाली होती. आज सकाळी ती, जावई आणि तीन वर्षांची नात सामानसुमान भरून निघाले आणि जाता जाता दुकानापाशी थांबले.

"मामा, बघा तरी," जावई चाकावर थाप मारत म्हणाला. "इतके शांत आहेत की गाडीत झोप लागते."

हवामास्तर उकिडवे बसले. बगल पातळ, नक्षी बारीक, निव्वळ हमरस्त्याचा माल. तेही एक वेळ चाललं असतं. पण बोट फिरवलं तर काळं पॉलिश हाताला आलं, आणि खाली नक्षीच्या मुळाशी केसासारख्या भेगा. बगलेवरचे चार आकडे त्यांनी वाचले, बनल्याचा आठवडा आणि साल. सात वर्षं हा टायर कुठल्यातरी गोदामात पडून होता. बाकीच्या तिघांची तीच गत.

"कुठून घेतले?"

"तुम्ही दिले नाहीत, मग ज्याने दिले त्याच्याकडून." जावई हसला खरा, पण त्याचे कान लाल झाले होते.

चारचौघांत कमीपणा आला की हा माणूस आठ-आठ दिवस घरात तोंड उघडत नाही, हे लेकीने आईला सांगितलं होतं आणि आईने यांना. लेक खिडकीतून बघत होती.

"बाबा, चालतील ना?"

"नाही" हा शब्द अगदी ओठांवर होता. बाहेर पडलं ते भलतंच. "हळू जा."

"हे तर तुम्ही सायकलवाल्यालाही सांगता," लेक म्हणाली. नातीने हात हलवला. गाडी गेली.

बायको चहा घेऊन आली तर हे तसेच उकिडवे. काळं झालेलं बोट पाहून तिने विचारलं आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"अबोला परवडला असता हो," ती म्हणाली. "उठा."

लेकीचा फोन लागेना, जावई उचलेना. त्यांनी जाड बगलेचे चार टायर आणि जॅक टेम्पोत टाकला. हमरस्त्यावर कडेला फुटलेल्या टायरची काळी पट्टी दिसली की पाय आपोआप ब्रेकवर जाई. बऱ्याच दिसल्या. एक तर ताजी वाटली. उतरून पाहिली, ट्रकची निघाली.

डांबर संपतं तिथे नाका होता. नाकेदाराने गाडीचा रंग ऐकूनच मान डोलावली.

"गेली की. अर्धा तास झाला. छोटी मुलगी टाटा करत होती. मागच्या डाव्या चाकाला फुगा आलाय, मी सांगितलं त्यांना."

"मग?"

"म्हणाले, सासरे टायरवालेच आहेत. सकाळीच बघितलेत त्यांनी."

नाकेदाराने दांडा वर केला. पुढे पांढऱ्या, धारदार दगडांचा रस्ता चढत गेला होता. हवामास्तरांनी काच खाली करून कान दिला. वळणापलीकडून कसलाच आवाज येत नव्हता. त्यांनी टेम्पो पहिल्या गिअरमध्ये टाकला.