पहिल्या अध्यक्षाचं जाणं

निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी मी व्याख्यानं देत होते. हौस म्हणून नव्हे. नाही म्हणायलाही थोडा उत्साह लागतो, तो उरला नव्हता. कोपरीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाचा फोन आला तेव्हाही मी हो म्हणून टाकलं. विषय त्यांनीच दिला होता, अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष. कॉलेजात सत्तावीस वर्षं शिकवलेला धडा.

डोंबिवलीहून पोचेपर्यंत माझे गुडघे कुरकुरायला लागले होते. संघाचे अध्यक्ष सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार होते. त्यांनी स्वतःच खुर्च्या मांडल्या, माईक तपासला, माझ्यासाठी कोमट पाणी आणून ठेवलं. संघ त्यांनीच काढलेला, आणि पहिल्या दिवसापासून तेच अध्यक्ष.

मी नेहमीसारखी सुरुवात केली. युद्ध जिंकलेल्या त्या सेनापतीला त्याच्याच एका अधिकाऱ्याने राजा होण्याचं सुचवलं, तेव्हा तो संतापला. सेनापतीपद परत करून तो शेतीवर निघून गेला. पुढे लोकांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून बोलावून आणलं, तेव्हा ते पद कागदावर होतं, पण त्यावर बसून नेमकं कसं वागायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याला काय म्हणून संबोधायचं यावरसुद्धा वाद झाले. भारदस्त पदव्या सुचवल्या गेल्या आणि शेवटी साधं 'मिस्टर प्रेसिडेंट' ठरलं. आपण आज करू ते उद्याची वहिवाट होणार, हे तो ओळखून होता. त्याच्या शेतावर गुलाम राबत होते, हेही मी सांगते. ते वगळलं तर धडा खोटा होतो. चार वर्षांनीच त्याला घरी जायचं होतं. निरोपाचा मसुदाही तयार करून घेतला होता. सगळ्यांनी गळ घातली म्हणून थांबला. दुसऱ्या खेपेनंतर मात्र त्याने कुणाचं ऐकलं नाही.

टाळ्या वाजल्या, चहा झाला. सुभेदार मला रिक्षापर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी विचारलं, पद सोडलं त्या दिवशी तो काय करत होता?

मी सांगितलं, नव्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीला हजर होता. बाहेर पडताना त्याने नव्या राष्ट्राध्यक्षाला आणि उपराष्ट्राध्यक्षाला पुढे जायला लावलं, आणि स्वतः मागून गेला.

ते थांबले. बायकोला दोन वर्षांपूर्वी लकवा झाला, ती अंथरुणाला खिळून आहे, असं म्हणाले. दर वार्षिक सभेत ते 'आता दुसऱ्याला अध्यक्ष करा' म्हणतात, आणि दर वेळी सगळे म्हणतात, तुमच्याशिवाय कोण आहे?

"खरं सांगू, मॅडम? सगळे तसं म्हणतात ना, ते मला आवडतं," ते खाली बघून म्हणाले. "आणि ती तिकडे एकटी पडून असते."

रिक्षा आली, मी बसले.

सहा महिन्यांनी पुन्हा बोलावणं आलं. फोनवर एका बाईंचा आवाज होता. बँकेतून निवृत्त झालेल्या, आता त्या अध्यक्ष. गेले तर माईक खरखरत होता, खुर्च्या कमी पडल्या होत्या, आणि माझी ओळख करून देताना विषयच चुकला. सुभेदार तिसऱ्या रांगेत होते. माईक किंचाळला तसे ते अर्धवट उठले, पुन्हा बसले. नंतर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. अर्ध्या तासाने नव्या अध्यक्षांकडे बघून त्यांनी मान हलवली, परवानगी घेतल्यासारखी, आणि बायकोच्या चहाची वेळ झाली म्हणून निघून गेले. मी बोलत राहिले, पण माझं लक्ष लागेना.

नंतर बाईंना त्यांच्याबद्दल विचारलं. सुरुवातीला आम्ही त्यांना प्रत्येक गोष्टीसाठी फोन करायचो, असं त्या म्हणाल्या. ते फक्त 'तुम्ही ठरवा' म्हणायचे आणि घरचं काहीबाही सांगत बसायचे. आज ती दोन पावलं चालली, आज तिने भात मागून घेतला. लोकांना राग आलेला.

"तुम्हालाही?"

"मलाही," त्या खुर्च्या रचता रचता म्हणाल्या. "आता फोन करत नाही. दमते, पण ठरवते."

मी दुसऱ्या बाजूने एक खुर्ची उचलून त्यांना दिली.